निळ्या गाडीतली सहावी

घर

आईने माझा पाय मांडीवर घेतला होता आणि ती जोडव्याला खोबरेल चोळत होती. उजव्या पायातलं जोडवं जागचं हलेना. डाव्या पायातलं पेरापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं.

"वढ की जरा," मी म्हणाले.

"वढतीयाच. हाड आडवं येतंय."

तिने साबण लावून बघितला. मग दोरा आत सारून बघितला. मग हात थांबवले आणि नुसती पायाकडे बघत बसली.

"पाय वाढलाय तुजा," ती म्हणाली.

लग्नात ती जोडवी सैल होत होती. बोटातून निसटून हरवतील म्हणून आत दोरा गुंडाळून बसवली होती. तो दोरा कधी काढून टाकला ते मला आठवत नाही.

बाकी सगळं निघालं होतं. पंचमीला भरलेल्या हिरव्या बांगड्या तेल लावून उतरवल्या होत्या, एकही फुटू दिली नव्हती. मंगळसूत्र आईने स्वतःच्या हाताने काढलं, कपाळाला लावलं आणि डाळीच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं. नवरा जिवंत असताना हे करायचं नसतं. तिचे ओठ हलत होते. कुंकू मात्र तिने पुसलं नाही. "त्ये तूच पूस," म्हणाली.

अस्मिता, माझी धाकटी बहीण, दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. तिने स्वतःचे कवायतीचे मोजे आणले आणि माझ्याकडे टाकले.

"आक्का, हे घाल. झाकून जातील."

देवळापुढे

हे सरळ सांगायला गेले की माझी जीभ अडते. म्हणून गाडी जशी थांबत थांबत जाते तशी सांगते.

आमच्या पडळवाडीत शाळा सातवीपर्यंत. पुढे निंबगावचं हायस्कूल, मधे उघडा माळ आणि एक ओढा. मी आठवी आणि नववी चालत केली. बरोबरच्या मुली एकेक करून गळाल्या, मी एकटी उरले, आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी शाळा थांबवली. त्या उन्हाळ्यात निंबगावचे लिगाडे सर आमच्या घरी आले होते. ते आणि आण्णा बाहेरच्या सोप्यात बसले. मी आत आल्याचा चहा करत होते, बोलणं ऐकू आलं नाही. सर जाताना हसत होते, म्हणून मला वाटलं, जमलं.

दिवाळीनंतर माझं लग्न झालं. नवऱ्याच्या गावी, मंडप न घालता. वय बसत नव्हतं, म्हणून गाजावाजा नको.

आणि पुढच्या जूनमध्ये गावात गाडी आली.

निळी, सरकारने शाळेच्या मुलींसाठी सोडलेली. मुलींना फुकट, बाकीच्यांना तिकीट. पण गावात गाडीच पहिली, त्यामुळे सगळं गाव तिच्यात बसायला लागलं. दुधाच्या किटल्या, बाजाराच्या पाट्या, दवाखान्याचे म्हातारे, एकदा तर बोकड. मुलींची गाडी, आणि मुली दांडीला लटकून उभ्या. हे मला अस्मिताने सांगितलं होतं, मी तेव्हा सासरी होते.

मी पंचमीला माहेरी आले तेव्हा गाव घाबरलेलं होतं. फेरी चालू ठेवायला निदान सहा मुली लागायच्या. सहा होत्या. मग पल्लवीचं लग्न लागलं आणि पाच उरल्या. कंडक्टरने सरपंच दगडूनानांना आधीच सांगून ठेवलं: तपासणीला माणसं येणार आहेत, पोरी मोजणार आहेत, कमी भरल्या तर गाडी दुसऱ्या गावाला जाईल.

त्या आठवड्यात गावात मुली भरपूर होत्या. पंचमीला आलेल्या. झाडाझाडाला झोके बांधलेले, आणि झोक्यावर सगळ्या लग्न झालेल्या.

नाना आमच्या सोप्यात येऊन बसले. पल्लवीचा गणवेश त्यांनी पिशवीतून आणला होता, तिच्या आईकडून मागून.

"एका दिसाचा परश्न हाय," ते आण्णांना म्हणाले. "तुमची सुवर्णीच अजून पोरीवानी दिसतीया. बाकीच्या सुटल्यात अंगानं."

मी दाराआडून म्हणाले, मला नाही जमणार. सासरी कळलं तर काय, ते मी बोललेही नाही, ते सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा आण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी गेली तर अस्मीलाबी घरी बसवावं लागंल."

अस्मिता आठवीत होती. घरी बसवलेल्या मुलीचं पुढे काय होतं, हे त्या घरात माझ्याइतकं ताजं कुणाला ठाऊक नव्हतं.

मी पिशवी घेतली.

माळ

सकाळी गाडी देवळापुढे लागली तेव्हा गावात चिटपाखरू दिसत नव्हतं. नानांचा हुकूम होता, आज मुलींखेरीज कुणी चढायचं नाही. किटल्या देवळामागे लपवल्या होत्या. भिंतीआडून माणसं बघत होती, त्यांचे पटके वरून दिसत होते.

सहा मुली चढल्या. सहाव्या मुलीविषयी मी थोडं लांबून सांगते, जवळून सांगवत नाही. तिला गणवेश दंडात घट्ट होत होता. तिने दोन वेण्या घातल्या होत्या आणि त्यांना अस्मिताच्या रिबिनी होत्या. हातावर मेंदी होती, पण ती सगळ्यांच्याच हातावर होती. बाकी पाचजणी चपलांत होत्या. हिने एकटीने सँडलमध्ये पांढरे मोजे घातले होते. तिला खिडकीजवळची जागा मिळाली आणि ती मिळाल्याचा तिला आनंद झाला. हे मला अजून खुपतं.

गाडी रिकामी होती. प्रत्येकीला एकेक खिडकी.

"आज पयल्यांदा बसून चाललोय," पुढची मुलगी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीसुद्धा.

चालायचा तो माळ खिडकीतून मागे पळत होता. ज्या बाभळीखाली मी दप्तर उतरवून पाणी प्यायची, ती आली आणि गेली. इतकं सोपं होतं ते.

ओढ्याचा पूल

पुलाजवळ तपासणीची माणसं चढली. एक डेपोचा माणूस आणि एक बाई, पंचायत समितीच्या. डेपोचा माणूस ड्रायव्हरशी बोलत पुढेच उभा राहिला. बाई एकेकीशी बोलत मागे आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

कितवीला, असं त्यांनी विचारलं. दहावीला, म्हणाले. कोणता विषय आवडतो. भूगोल. हे खरं होतं, म्हणून पटकन आलं. घरून शाळेला सोडतात का, त्रास देतात का. मी मान हलवली. होय की नाही, ते मलाच कळलं नसेल.

मग त्या माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. शेतात राबून तोंड रापलेलं, आणि भुवयांच्या मधे कुंकवाएवढा एक गोल डाग, फिकट, कोवळा. घरातल्या आरशात तो दिसला नव्हता. घरात उजेड कमी.

"टिकली पडली वाटतं," बाई म्हणाल्या.

"व्हय."

त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. एक काळी बारीक टिकली त्यांनी स्वतः माझ्या कपाळावर लावली, त्या डागाच्या मधोमध, आणि अंगठ्याने दाबली. मग त्यांची नजर खाली गेली, मोज्यांवर. मी पाय सीटखाली ओढून घेतले.

बाई उठल्या.

"सहा," त्या पुढच्या माणसाला म्हणाल्या. "चला."

हायस्कूल

मला वाटलं होतं, फाटकातून आत जायचं, कुठेतरी आडोशाला बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. पण बाई आमच्याबरोबर उतरल्या. मुख्याध्यापकांशी बोलत त्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या, दहावीच्या वर्गासमोरच. मला वर्गात जावं लागलं. पल्लवीची जागा रिकामी होती, तिथे बसले. बाकावर तिने कर्कटकाने कोरलेलं फूल होतं.

लिगाडे सर आत आले. त्यांचे केस पांढरे झाले होते, चष्मा दोरीला बांधलेला होता. त्यांनी खडू उचलला, वर्गाकडे वळले, आणि खडू परत ठेवला.

पुढचं सगळं तेच बोलले. मी त्यांचीच वाक्यं लिहिते. माझ्या वाक्यांच्या जागा मोकळ्या सोडते, तेव्हाही त्या मोकळ्याच होत्या.

"अरे. सुवर्णा?"

…

"पडळवाडीची सुवर्णा ना तू? उभी राहा, बघू दे. उंच झालीस."

…

"मामाकडे होतीस म्हणे, आटपाडीला. तिथं शाळा नव्हती का जवळ?"

…

(आटपाडीला माझा मामा नाही. कुठेच नाही. आईला भाऊ नव्हता.)

"बस, बस. पोरांनो, ही आपल्या शाळेची मुलगी. भूगोलाला हिचा नकाशा मी भिंतीला लावला होता. नदी काढताना हिचा हात उचलत नसे."

…

ते बाकाजवळ आले. आवाज खाली आणला, पण पहिल्या तीन रांगांना ऐकू जात होतं.

"मी तुमच्या घरी आलो होतो, आठवतं? तू आल्याचा चहा केला होतास. तुझे वडील म्हणाले, सर, पोरगी हुशार आहे मला कळतं, पण एवढ्या लांब एकटी चालत कशी धाडू. तुम्ही गाडी आणा, मी दुसऱ्या दिवशी पाठवतो."

…

"मला ते पटलं. खरंच होतं त्यांचं. मग म्हटलं, गाडी आणू. डेपोत गेलो, तालुक्याला गेलो, जिल्ह्याला गेलो. तिथले शिपाई मला गाडीवाले सर म्हणतात आता. अजून म्हणतात."

त्या वाक्यावर ते हसले, वर्ग हसला.

"गाडी आली त्या दिवशी मी फाटकात उभा होतो. पोरी उतरल्या, तू नव्हतीस. म्हटलं, येईल. मामाकडून यायला वेळ लागतो."

…

"उशीर झाला खरा. पण तुझ्या वडिलांनी शब्द पाळला. माझ्याकडून सांग त्यांना."

व्हरांड्यात बाईंची पाठ दिसत होती. पलीकडे अस्मिताच्या वर्गात कविता चालली होती, सगळ्या वर्गाच्या आवाजात मला तिचा आवाज वेगळा ऐकू येत होता. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत सगळं संपलं असतं. गाडीही संपली असती.

सर कपाटाकडे गेले. भूगोलाचं पुस्तक घेऊन आले, त्यांचं स्वतःचं, खाकी कव्हर घातलेलं.

"हे राहू दे तुझ्याकडे. उद्या वही आण."

"व्हय सर," मी म्हणाले. सबंध दिवसात त्यांच्याशी मी बोलले ते एवढंच.

मग त्यांनी फळ्यावर नदी काढली. मी ती बाकावर बोटाने काढत राहिले.

परत

संध्याकाळी देवळापुढे सगळं गाव उभं होतं. तपासणी पार पडल्याचं कंडक्टरने फोन करून कळवलं होतं. किटल्या देवळामागून बाहेर आल्या होत्या. मी उतरले तेव्हा दगडूनाना म्हणाले, "काय सुवर्णे, पास का नापास?" आणि माणसं पोट धरून हसली.

नानांच्या बायकोने, काकूंनी, ताट आणलं होतं. खण, नारळ, तांदूळ. गावाची गाडी राखली म्हणून माझी ओटी भरायची होती. आई धावत आली, तिच्या मुठीत मंगळसूत्र होतं, मण्यांना डाळीचं पीठ लागलेलं.

"आधी ह्ये घाल गळ्यात."

गणवेशाच्या गळ्यावर मंगळसूत्र घातलं. कपाळावरच्या काळ्या टिकलीवरच काकूंनी हळदकुंकू लावलं. मग म्हणाल्या, पदर पसर. पदर नव्हता. कुणीतरी म्हणालं, ओढणी चालते की. मी ओढणी पसरली आणि तिच्यात नारळ पडला. दप्तरात सरांचं पुस्तक होतं, ते पाठीला टोचत होतं.

पाचजणी आपापल्या आयांच्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. एकीने मला नमस्कार केला. मोठ्या सुवासिनीला करतात तसा, वाकून. सकाळी हीच म्हणाली होती, पहिल्यांदा बसून चाललोय.

आण्णा गर्दीच्या मागे होते. मी बघितलं तेव्हा ते देवळाच्या कळसाकडे बघत होते.

घरी आल्यावर मी गणवेश उतरवला, लुगडं नेसले, भाकरी वाढली. आण्णा जेवायला बसले. मी म्हणाले, "लिगाडे सर हुते वर्गावर."

"वळखलं?"

"वळखलं."

"मग?"

"तुमी गाडी आणा, मी पोरगी धाडतो, असं तुमी म्हनला हुता का?"

आण्णांनी घास तसाच धरला.

"माणूस दारात आलं की काहीतरी म्हनावंच लागतं," ते म्हणाले.

"सरांनी निरोप दिलाय. तुमी शबुद पाळला म्हनून."

आई चुलीजवळ होती, तिची पाठ आमच्याकडे होती. आण्णांनी घास परत ठेवला, ताटातच हात धुतला आणि बाहेर गेले.

त्यानंतर ते कितीतरी वर्षं जगले. अस्मिताची बारावी त्याच गाडीने झाली. आण्णा मात्र त्या गाडीत कधी बसले नाहीत. बाजाराला माळावरून चालत जायचे, डोक्यावर पाटी घेऊन. गाडी मागून यायची, ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, आण्णा मागे न बघता हाताने म्हणायचे, जा. गाव म्हणायचं, म्हाताऱ्याला चालायचं याड लागलंय. मरायच्या आधी दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हासुद्धा ते म्हणाले, बैलगाडी जुंपा.

मी हे कुणाला सांगितलं नाही. आण्णांनीही नाही.

पुन्हा देवळापुढे

एक थांबा राहिला.

नवरा मला न्यायला आला. पडळवाडीतून बाहेर पडायचं तर दुसरं वाहन नव्हतं, त्याच गाडीने जायचं. मी पंचमीचं नवं लुगडं नेसले होते, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर मोठं कुंकू. पल्लवीचा गणवेश धुऊन, घडी घालून तिच्या आईकडे परत गेला होता.

गाडी भरलेली होती. किटल्या, पाट्या, माणसं. मुली दांडीला धरून उभ्या. मला माहेरवाशिणीचा मान म्हणून मागच्या बाकावर खिडकीची जागा मिळाली, नवरा शेजारी. अस्मिता पुढे उभी होती. मी तिच्यासाठी सरकून जागा करायला लागले.

"ऱ्हाऊ दे आक्का," ती म्हणाली. "मला सवय हाय."

मी तिच्या हातात खाकी कव्हरचं पुस्तक दिलं. सरांना दे म्हणाले. काय सांगू, तिने विचारलं. काही नको सांगूस.

"न्हाई पण इचारलं तर?"

"न्हाई इचारणार," मी म्हणाले.

पुस्तकात काय आहे, असं नवऱ्याने विचारलं. भूगोल, म्हणाले. तो बाहेर बघायला लागला.

निंबगावला गाडी शाळेच्या फाटकासमोर थांबली. सर फाटकात उभे होते. आदल्या दिवशीही ते असेच उभे होते, असं अस्मिताने नंतर सांगितलं. मुली उतरायला लागल्या आणि ते एकेकीकडे बघत होते, मोजल्यासारखे नाही, शोधल्यासारखे. पाच उतरल्या. सर तरीही गाडीच्या दाराकडे बघत राहिले. दारातून एक किटली उतरली.

अस्मिताने पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, उघडलं, मिटलं. तिला काहीतरी विचारलं. मग तिने हात उचलला आणि माझ्या खिडकीकडे दाखवलं.

सरांनी दोरीचा चष्मा डोळ्यांना लावला. खिडकीपर्यंत यायला त्यांना चार पावलं पुरली असती. ते जागचे हलले नाहीत. कुंकू दिसलं असेल, गळ्यातलं दिसलं असेल. मी पदर पुढे घेतला नाही, ते मला सुचलंच नाही.

कंडक्टरने घंटी दिली.

मी पाय सीटखाली ओढून घेतले, जोडवी दिसू नयेत म्हणून. बाहेरून खिडकीतल्या माणसाचे पाय दिसत नाहीत, हे मला माहीत होतं.